कर्नल बूनचें आत्मचरित्र

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला एक संवय जडते. कवीनें एखाद्या पुरुषाचें नांव घेतलें कीं त्याच्या जन्ममृत्यूचे सन सांगावयाचे, एक-दोन वाक्यांत त्याची कामगिरी उरकावयाची, आणि पुढच्या कडव्याकडे वळावयाचें. बायरनच्या 'डॉन जुआन' काव्याच्या आठव्या सर्गांत डॅनियल बून ह्या अमेरिकन रानशिकाऱ्यावर कांहीं कडवीं आहेत. तीं आम्हीं अनेक वर्षें ह्याच रीतीनें शिकविलीं. एका वर्षीं एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, कीं ह्या मनुष्यानें स्वतः कांहीं लिहून ठेविलें आहे काय? आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "होय, त्याचें आत्मचरित्र आहे; सन १७८४ मध्यें तें छापलें गेलें." हें उत्तर दिलें त्या वेळीं तें आत्मचरित्र आम्हीं वाचलेलें नव्हतें. पुढें वाचलें, तेव्हां आपण चुकीचें सांगितलें असें कळून आलें. तोंपर्यंत तो विद्यार्थी कॉलेज सोडून गेला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरां केलेली दुरुस्ती होय.

बूनची हकीकत आमच्या सर्वच वाचकांस ठाऊक असेल असें नाहीं, म्हणून ती प्रथम थोडक्यांत देतों. त्याचा जन्म सन १७३४ मध्यें पेनसिल्व्हेनियांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. पुढें हें कुटुंब नॉर्थ कॅरोलिनांतील याडकिन नदीच्या खोऱ्यांत येऊन राहिलें. बून नांवाचा शेतकरी, पण वृत्तीनें शिकारी. हिंवाळा आला कीं बंदूक घेऊन रानांत जावें, कातडीं जमवावीं, आणि तीं विकून सावकारांचीं तोंडें जमेल तितकीं बंद करावीं, असा त्याचा क्रम होता. त्या काळीं इंग्रजांच्या वसाहती अटलांटिकच्या बाजूच्या पट्ट्यांत होत्या. पश्चिमेस अ‍ॅपलाचियन पर्वताची भिंत होती, आणि तिच्या पलीकडे कोणीं वस्ती करूं नये असा जाहीरनामा इंग्लंडच्या राजानें १७६३ मध्यें काढलेला होता. १७६९ मध्यें बून पांच सोबत्यांसह ही भिंत ओलांडून केंटकींत उतरला आणि जवळजवळ दोन वर्षें तिकडे राहिला. १७७५ च्या मार्चांत रिचर्ड हेंडरसन नांवाच्या एका माजी न्यायाधीशानें चेरोकी लोकांच्या पुढाऱ्यांकडून दहा हजार पौंडांच्या मालाच्या मोबदल्यांत सुमारें दोन कोटि एकर मुलूख विकत घेतला. त्याच्याच सांगण्यावरून बूननें तीसएक कुऱ्हाडवाले बरोबर घेऊन कंबरलँडच्या खिंडींतून केंटकी नदीपर्यंत वाट तोडली, आणि तिच्या टोकाशीं बून्सबरो हें लाकडी तटाचें ठाणें वसविलें. हीच पुढें प्रसिद्धीस आलेली रानवाट. १८१० पर्यंत दोन ते तीन लाख माणसें ह्या वाटेनें पश्चिमेकडे गेलीं असा अंदाज आहे. १७९० च्या खानेसुमारींत केंटकीची वस्ती ७३,६७७ भरली. दहा वर्षांनीं ती २,२०,९५५ झाली.

आतां कोणी म्हणेल, कीं ज्यानें एवढा मुलूख उघडला त्याची कीर्ति गाजली ह्यांत नवल तें काय? नवल असें, कीं ती खिंड बूननें शोधून काढलेली नव्हती. टॉमस वॉकर हा व्हर्जिनियाचा डॉक्टर १७५० मध्येंच तिच्यांतून जाऊन आला होता. त्यापूर्वीं किती पिढ्या इंडियन योद्धे व शिकारी त्या वाटेनें येत-जात होते ह्याची गणतीच नाहीं; आणि रानरेड्यांच्या कळपांनीं तुडविलेल्या वाटा तर त्याहूनहि जुन्या. बूनला केंटकीची माहिती सांगणारा जॉन फिंडली हा फेरीवाला व्यापारी १७५२ च्या सुमारास शॉनी लोकांच्या तेथील एका गांवांत दुकान मांडून बसलेला होता. खिंडींतून गेलेले असे पुष्कळ असतां पहिलेपणाचा मान एकट्या बूनला कां मिळाला? आमच्या मतें ह्याचें कारण वाङ्मयाच्या इतिहासांत शोधलें पाहिजे. इतरांना फिल्सन भेटला नाहीं. बूनला तो भेटला.

जॉन फिल्सन हा पेनसिल्व्हेनियांतील एक पंतोजी. स्वातंत्र्ययुद्ध संपत आलें त्या सुमारास तो केंटकींत आला. त्यानें हजारों एकरांचे दावे आपल्या नांवें नोंदविले, नकाशा काढला, जुन्या वसाहतवाल्यांस गांठून माहिती मिळविली, आणि सन १७८४ मध्यें डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथें केंटकीचा शोध, वसाहत व सद्यःस्थिति ह्या विषयावर एक लहानसें पुस्तक छापून घेतलें. पुस्तकाचा मुख्य भाग म्हणजे जमिनीची जाहिरात होय. माती कशी, नद्या कोणत्या, पीक काय येतें, मिठाचे झरे कोठें आहेत, हें सारें गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें सांगितलें आहे. पुस्तकांतील मजकूर खरा आहे असें बून व दुसरे दोन पुढारी ह्यांच्या सह्यांचें शिफारसपत्रहि जोडलेलें आहे. ह्या पुस्तकाच्या पुरवणींत सुमारें तीस पानांचें एक प्रकरण आहे, आणि त्यांत कर्नल बून प्रथमपुरुषीं आपली कथा सांगतो. मुख्य पुस्तक लोक विसरले. पुरवणी मात्र राहिली. १७८५ मध्यें पुस्तकाचें फ्रेंच व जर्मन भाषांतर झालें. १७८६ मध्यें कनेक्टिकटच्या एका मुद्रकानें पुरवणीचा संक्षेप करून स्वस्त चोपडें काढलें. अशा रीतीनें पन्नाशीला आलेला, फारसें न शिकलेला एक शिकारी पॅरिसच्या वाचकांच्या ओळखीचा झाला.

येथें टीकाकाराचें काम सुरू होतें. बूनच्या स्वतःच्या हातचीं कांहीं पत्रें उपलब्ध आहेत. शब्द कानाला जसा लागला तसा लिहिलेला. विरामचिन्हांचा पत्ता नाहीं. वाक्य कोठें संपलें तें वाचणाऱ्यानें ठरवावें. पण मजकूर सरळ असतो. वाट तोडतांना हल्ला झाला तेव्हां त्यानें हेंडरसनला लिहिलेलें पत्र पाहावें. अमके पडले, अमके जखमी झाले, लोक घाबरले आहेत, तुम्ही लौकर आलां तर त्यांना धीर येईल. इतकेंच त्यांत आहे, आणि तेवढेंच पुरेसें आहे. आतां फिल्सनच्या प्रकरणांतील 'मी' काय बोलतो तें पाहूं.

१७७० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस बूनचा भाऊ स्क्वायर घोडे व दारूगोळा आणण्यासाठीं माघारी गेला, आणि बून त्या अफाट रानांत एकटा राहिला. जवळ भाकरी नाहीं, मीठ नाहीं, साखर नाहीं. घोडा नाहीं, कुत्रासुद्धां नाहीं. कांहीं दिवस त्याचें मन खिन्न झालें. मग एके दिवशीं तो हिंडत हिंडत एका उंच कड्यावर चढला. वारा पडलेला, पान हालत नाहीं; खालीं विस्तीर्ण मैदानें, दूर ओहायो नदी संथपणें वाहत आहे, क्षितिजावर डोंगरांचीं शिखरें ढगांत शिरलेलीं. हें दृश्य पाहतांच त्याची उदासीनता मावळली, आणि शहरांतील कोणत्याहि सुखापेक्षां निसर्गाचा हा सहवास श्रेष्ठ आहे असा सिद्धान्त त्यानें काढला.

उतारा सुंदर आहे. आम्हांसहि तो प्रथम वाचतांना आनंद झाला. संशय मागाहून आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील इंग्रजी निबंधकार व फ्रेंच तत्त्वज्ञ ह्यांचा ज्याला थोडा परिचय आहे त्याला ही भाषा कोठून आली तें सांगावयास नको. मनुष्य एकांतांत शुद्ध होतो, निसर्ग हाच गुरु, नागर सुख खोटें, हीं त्या काळच्या दिवाणखान्यांतलीं मतें होत. आणि ह्याच वर्णनाच्या मागेंपुढें एक साधी गोष्ट पुस्तकांतच येते, ती ही कीं, इंडियनांच्या हातीं सांपडूं नये म्हणून आपण पुष्कळदां वेळूच्या दाट बेटांत शिरून झोपत असूं! कड्यावर उभा राहून सृष्टिसौंदर्यावर प्रवचन करणारा आणि वेळूच्या बेटांत श्वास रोखून निजणारा, हे दोघे एकाच 'मी'च्या कातड्यांत बसत नाहींत. पहिला फिल्सन आहे. दुसरा बून असावा.

ह्याहून ठळक असें दुसरें स्थळ आहे. १७७३ मध्यें बूननें शेत विकलें, बायकामुलें घेतलीं, आणि आणखी कांहीं कुटुंबांसह तो केंटकींत कायमच्या वस्तीसाठीं निघाला. १० ऑक्टोबर रोजीं पिछाडीवर हल्ला झाला. त्यांत बूनचा सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. पुस्तकांत हें एका वाक्यांत सांगितलें आहे: सहाजण पडले, त्यांत माझा वडील मुलगा एक होता. लगेच गुरें कशीं पांगलीं व मंडळी चाळीस मैल मागें कशी हटली हें येतें. आणि त्यानंतर वाटेंतल्या डोंगरांचें वर्णन सुरू होतें. ते कडे असे भयानक आहेत, कीं पूर्वीं कधीं तरी सृष्टीला प्रचंड हादरा बसून तिचीं हीं शकलें उरलीं असावींत. प्राचीन इराणच्या वा सिरियाच्या नगरींचे अवशेष ह्यांच्यापुढें कांहींच नव्हेत, हे साऱ्या जगाचेच अवशेष होत, अशी तेथें कल्पना केली आहे. मुलाला एक वाक्य आणि डोंगराला सबंध परिच्छेद! बापाच्या तोंडीं असली वाटणी शोभत नाहीं. ज्यानें तो मुलगा कधीं पाहिला नव्हता त्याच्या लेखणींतून मात्र ती सहज उतरते.

बापाची गोष्ट निराळी होती. लायमन ड्रेपर ह्या संग्राहकानें १८५१ मध्यें बूनचा धाकटा मुलगा नेथन ह्याची व त्याच्या पत्नीची भेट घेऊन आठवणी उतरून घेतल्या. त्यांवरून कळतें, कीं दुसऱ्या वर्षीं बून एकटाच त्या जागीं गेला. लांडग्यांनीं माती उकरली होती. त्यानें थडगें उघडून मुलाचा देह पाहिला, पुन्हां नीट पुरला, आणि तेथें बसून तो रडला. आयुष्यांत इतका उदास आपण कधीं झालों नाहीं असें तो म्हातारपणीं सांगत असे. जगाचे अवशेष पाहावयाचे तर ते येथें होते. परंतु फिल्सनच्या ते दृष्टीस पडले नाहींत.

असें असलें तरी सबंध प्रकरण फिल्सनचेंच आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. मधून मधून भाषेचा शालू फाटतो आणि आंतून जाडेंभरडें कापड दिसतें. प्रकरणाच्या अखेरीस बून आपल्या नुकसानीचा हिशेब देतो. दोन लाडके मुलगे व एक भाऊ शत्रूच्या हातून गेले, असें तो म्हणतो. आणि त्याच दमांत चाळीस चांगले घोडे व पुष्कळ गुरें गेलीं हेंहि सांगतो. एखादा रसिक वाचक येथें नाक मुरडील. मुलांच्या शेजारीं घोडे! आम्हांस तर ह्या वाक्यांत खरा माणूस दिसला. ज्याच्या घरीं घोडा मेला तर पेरणी बुडते अशा कुणब्यानें केलेला हा हिशेब आहे. पंतोजीला हें सुचलें नसतें. सुचलें असतें तर त्यानें घोडे गाळले असते.

तशीच दुसरी जागा कैदेच्या हकीकतींत आहे. १७७८ च्या फेब्रुवारींत मीठ काढावयास गेलेल्या मंडळीसह बून शॉनींच्या हातीं सांपडला. त्यांचा मुख्य ब्लॅकफिश ह्यानें त्याला मुलगा मानून घरांत घेतलें. बून सांगतो, कीं त्यांनीं आपणांस ममतेनें वागविलें. आपण त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या पैजा लावीत असूं, पण फार वेळां जिंकूं नये ह्याची काळजी घेत असूं. कारण ते जिंकले म्हणजे त्यांचे चेहरे फुलत आणि हरले म्हणजे त्यांत मत्सर दिसे. हें सूक्ष्म निरीक्षण कोणत्याहि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून आलेलें नाहीं. शत्रूच्या घरीं मुलगा होऊन राहिलेल्या मनुष्याचीच ही दृष्टि आहे. पुढें जूनमध्यें तो तेथून निसटला व चार दिवसांत १६० मैल तुडवीत बून्सबरोला पोंचला.

आतां पुस्तकांत काय नाहीं तें पाहूं. कारण आत्मचरित्राची परीक्षा गाळलेल्या गोष्टींवरूनहि करावी लागते. कैदेंतून सुटून आल्यावर आणि सप्टेंबरांतील वेढा परतवून लावल्यावर बूनच्याच सोबत्यांनीं त्याच्यावर आरोप आणले, कीं त्यानें मीठवाल्या मंडळीला शत्रूच्या स्वाधीन केलें. त्याची लष्करी न्यायसभेपुढें चौकशी झाली. तो निर्दोष ठरला व त्याला मेजरची पदवीहि मिळाली. ह्या प्रसंगाबद्दल पुस्तकांत एक अक्षर नाहीं. शिकार आहे, पण ज्या कर्जापायीं ती शिकार चाले त्याचा उल्लेख नाहीं. आणि ज्यांची भूमि, त्यांच्या हक्काची चर्चा तर नाहींच. ओहायोच्या दक्षिणेचा मुलूख १७६८ च्या तहांत इरोक्वॉय लोकांनीं इंग्रजांस दिला, १७७५ मध्यें तो चेरोकींनीं हेंडरसनला विकला. परंतु तेथें शिकार करणाऱ्या शॉनींना दोन्ही वेळीं कोणीं विचारलें नाहीं. चेरोकींमध्येंहि ड्रॅगिंग कनू ह्या तरुण नायकानें ह्या विक्रीस उघड विरोध केला. पुस्तकांत ह्या सगळ्याचा एकच प्रतिध्वनि उरला आहे. करार झाल्यावर एका वृद्ध इंडियनानें बूनचा हात धरून म्हटलें, कीं जमीन आम्हीं चांगली दिली आहे, पण ती वसवितांना तुम्हांस फार त्रास पडेल. हें वाक्य फिल्सननें कशासाठीं ठेविलें कोण जाणे. पण साऱ्या पुस्तकांत भविष्य अचूक सांगणारा तोच एक मनुष्य आहे.

आणखी एक वर्ग ह्या कथेंतून नाहींसा झाला आहे. १७९० च्या केंटकींतील ७३,६७७ माणसांपैकीं १२,४३० गुलाम होते. रानवाट ते स्वेच्छेनें चालून आले नव्हते. जेम्स बून ज्या पहांटे मारला गेला त्या पहांटे अ‍ॅडम नांवाचा एक गुलाम लपून वांचला, आणि तेथें काय घडलें तें त्याच्याच तोंडून लोकांस कळलें. फिल्सनच्या पुस्तकांत अ‍ॅडम नाहीं. बूनच्या मुलाच्या अखेरच्या घटकांचा मुख्य साक्षीदार बूनच्या आत्मचरित्रांत नसावा, ह्यावरून तें आत्मचरित्र कोणत्या वाचकांसाठीं लिहिलें होतें हें उघड होतें.

आमच्या बखरींशीं ह्या पुस्तकाची तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती थोडीशी उपयोगीहि आहे. सभासदासारखा बखरकार धन्याच्या आज्ञेनें लिहितो, तसें तो सांगतोहि. वाचक त्या प्रमाणांत मीठ घालून वाचतो. फिल्सनला आज्ञा करणारा धनी नव्हता. त्याच्यापुढें गिऱ्हाईक होतें. गिऱ्हाइकाला विक्रेत्याची स्तुति खरी वाटत नाहीं. शेजाऱ्याची साक्ष खरी वाटते. म्हणून त्यानें आपली स्तुति शेजाऱ्याच्या तोंडीं घातली आणि प्रथमपुरुष वापरला. बखरकार धन्याला मोठा करतो, परंतु धन्याचा 'मी' उसना घेत नाहीं. हा फरक लहान नाहीं.

एकदां हा 'मी' छापून निघाल्यावर त्याच्यावर इमारती चढल्या. बायरननें १८२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सर्गांत इस्माईलच्या किल्ल्यावरील कत्तलीच्या वर्णनांत मध्येंच थांबून बूनला आणलें. शहरें माणसांस खुनी करतात, अरण्यानें बूनला निष्पाप व सुखी ठेविलें. अस्वल-हरणाखेरीज त्यानें कोणाचा जीव घेतला नाहीं, असा त्या कडव्यांचा आशय आहे. कत्तलीच्या पार्श्वभूमीवर हा विरोध काव्यदृष्ट्या प्रभावी आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु बून्सबरोचा वेढा लढलेल्या आणि १७८२ च्या ऑगस्टांत ब्लू लिक्सच्या लढाईंत दुसरा मुलगा इझ्रायल डोळ्यांदेखत गमावलेल्या मनुष्याला निष्पाप वनवासी म्हणणें म्हणजे त्याचें सारें आयुष्य पुसून टाकणें होय. आणि हेंच आम्हीं वर्षानुवर्षें 'निसर्गप्रेमाचें उत्तम उदाहरण' म्हणून सांगत आलों! कूपरनें अधिक प्रामाणिकपणा केला. बूनची मुलगी जेमायमा व तिच्या दोन मैत्रिणी १७७६ च्या जुलैंत पळविल्या गेल्या आणि दोन दिवसांनीं बूननें माग काढून त्यांस सोडविलें. ह्या प्रसंगाची छाया 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' ह्या १८२६ च्या कादंबरींतील पाठलागावर पडलेली आहे. पण कूपरनें नायकाला निराळें नांव दिलें व कादंबरीला कादंबरी म्हटलें. पुढें १८९३ मध्यें टर्नर ह्या इतिहासकारानें सरहद्दीच्या सरकण्यावरून अमेरिकन स्वभावाची मीमांसा केली. आणि १९६४ ते १९७० ह्या काळांत दूरचित्रवाणीवरील मालिकेनें बूनच्या डोक्यावर केसाळ टोपी चढविली. खरा बून साधी रुंद कांठाची हॅट घालीत असे असें त्याच्या जवळच्यांनीं सांगितलें आहे.

एक आक्षेप येथें आम्ही स्वतःच घेतों. बूनला हें पुस्तक आवडत असे. कोणी वाचून दाखविलें तर तो खूष होई, आणि त्यांतलें अक्षर न् अक्षर खरें आहे असें म्हणे, अशी आख्यायिका आहे. ज्याच्या नांवें लिहिलें त्याचीच तक्रार नसतां आपण कोण तक्रार करणारे? ह्याला आमचें उत्तर असें, कीं आपलें चित्र रेशमी अंगरख्यांत काढलेलें पाहून कोणासहि बरें वाटतें. तेवढ्यानें तो अंगरखा त्याचा होत नाहीं. शिवाय बूनला पुस्तकाची चव नव्हती असेंहि नाहीं. १७७० मध्यें रानांतल्या तळावर त्याच्या मंडळीजवळ 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' होतें, व करमणुकीसाठीं तें वाचलें जाई. एके रात्रीं एक तरुण सोबती येऊन म्हणाला, कीं आज आपण राक्षसांच्या राजधानींत जाऊन दोघांना लोळवून आलों. त्या राजधानीचें पुस्तकांतलें नांव त्यांनीं आपल्या जिभेच्या वळणानें जवळच्या ओढ्याला दिलें, आणि लुल्बेग्रड हें नांव त्या ओढ्यास अद्याप चालू आहे. ही गोष्ट बूननें पुढें जमिनीसंबंधीं दिलेल्या एका साक्षींत सांगितली आहे. शेकोटीभोवतीं स्विफ्ट वाचून आपली थट्टा आपणच रचणारे हे लोक फिल्सनच्या प्रवचनकारापेक्षां किती तरी जिवंत आहेत! फिल्सननें हा ओढा पुस्तकांत घेतला असता, तर आम्हीं त्याचे दहा कडे माफ केले असते.

ह्या कथेचा शेवट पुस्तकाबाहेर घडला. ज्या जमिनीची जाहिरात बूनच्या तोंडून झाली ती बूनला लाभली नाहीं. केंटकींत सरकारी मोजणी आधीं होऊन मग वांटप, असा क्रम नव्हता. ज्यानें त्यानें आपली मोजणी करावी, ओढ्यांच्या व झाडांवरील खुणांच्या आधारानें हद्द सांगावी आणि दावा नोंदवावा. एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे, घराच्या कौलांसारखे एकावर एक. बून स्वतः मोजणीदार होता, त्यानेंहि हजारों एकरांवर हक्क सांगितले. परंतु कागद वेळेवर करणें आणि कोर्टांत टिकविणें त्याला साधलें नाहीं. फिर्यादी आल्या, जमिनी गेल्या. १७९८ मध्यें केंटकीनें एका परगण्याला त्याचें नांव दिलें, आणि १७९९ मध्यें तो केंटकी सोडून मिसिसिपीपलीकडे स्पेनच्या अमलाखालील मुलखांत गेला. तेथें मिळालेली जमीन १८०३ मध्यें तो मुलूख संयुक्त संस्थानांकडे आल्यावर पुन्हां वादांत सांपडली. १८१४ मध्यें काँग्रेसनें तिचा कांहीं भाग परत दिला, तो जुन्या देण्यांत गेला. २६ सप्टेंबर १८२० रोजीं मुलाच्या घरीं तो वारला. १८४५ मध्यें केंटकीवाल्यांनीं त्याच्या अस्थि उकरून नेल्या, आणि त्या त्याच्याच होत्या काय हा वाद राहिला आहे. फिल्सन १७८८ मध्येंच ओहायोच्या उत्तरेस रानांत नाहींसा झाला. त्याचें प्रेतहि मिळालें नाहीं. ओहायोंत उरलेल्या शॉनींची वस्ती १८३० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथून उठविली गेली. आज त्यांचीं मान्यता पावलेलीं तीन राष्ट्रें ओक्लाहोमांत आहेत. तीस पानांच्या त्या पुरवणीच्या अखेरीस मात्र अरण्यावर शांततेची छाया पसरली असून बून हें त्या कामीं ईश्वरानें योजिलेलें साधन होय, असें लिहिलें आहे.

गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकन विद्वानांनीं ह्या विषयाचें बरेंच शोधन केलें आहे. रिचर्ड स्लॉटकिननें १९७३ मध्यें ह्या पुस्तकापासून सरहद्दीचें पुराण कसें सुरू झालें तें दाखविलें. जॉन मॅक फॅरागरनें १९९२ मध्यें लिहिलेल्या चरित्रांत कागद व आठवणी ताडून बूनला पुष्कळसा माणसांत आणला. इतिहासाचें काम ते करीतच आहेत. आमच्यासारख्या वाङ्मयाच्या शिक्षकापुढें प्रश्न निराळा आहे, आणि तो अमेरिकेपुरता नाहीं. शिकलेला मनुष्य न शिकलेल्याच्या तोंडीं आपलें बोलणें घालतो आणि त्याला त्याचें मनोगत म्हणतो, हें आमच्याकडेहि रोज चालतें. शेतकऱ्याचें स्वगत, कोळ्याचें स्वगत, धनगराचें स्वगत. भाषा आमच्या बैठकींतली, उपमा आमच्या पाठ्यपुस्तकांतल्या. हेतु पुष्कळदां चांगला असतो. फिल्सनचाहि सर्वस्वी वाईट नव्हता. परंतु ज्याच्या नांवें आपण बोलतों त्याचा एखादा मेलेला घोडा आपल्याला क्षुल्लक वाटून आपण गाळला नाहीं ना, एवढी झडती प्रत्येक लेखकानें स्वतःची घ्यावी असें आम्हांस वाटतें.

फिल्सनचें पुस्तक वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; अवश्य वाचावें. तो विद्यार्थी आज भेटला तर त्याला आम्ही सांगूं, कीं बूनचें आत्मचरित्र एका पंतोजीनें लिहिलें आहे आणि त्यांत बूनचीं स्वतःचीं अशीं वाक्यें थोडींच सांपडतात. मुलगा पडला तें एक, वेळूच्या बेटांत निजल्याचें एक, नेमबाजींत मुद्दाम हरल्याचें एक, आणि चाळीस घोड्यांचें एक. तेवढीं त्यानें लक्ष देऊन वाचावींत. आम्हीं वर्गांत तीं वाचलीं नाहींत, त्याबद्दल त्याची क्षमा मागण्याखेरीज आमच्या हातीं कांहीं नाहीं.